आधी कानगोष्टी, मग कॉम्प्युटर

'दुसरीतल्या पोरांच्या हाती मोबाइल देऊच नये. मग त्यांना डिजिटल नागरिकत्व शिकवायचं कशाला?' अंबरनाथ-बदलापूरकडच्या पालकांचा हा ठरलेला सवाल. वरवर बिनतोड. पण करोनात याच वयाच्या मुलांची शाळा मोबाइलवर भरली, आणि आजही गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच येतो. आई तो वाचते तेव्हा पोर तिच्या खांद्यावरून डोकावत असतं.

मग सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा दाखला निघतो. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. उपक्रम उत्तमच; पण तिथे मोठ्यांनीही मोबाइल खाली ठेवले, हे दाखला देणारे सोयीस्कर गाळतात. शिवाय साडेआठनंतर स्क्रीनवर जे येईल त्याचं काय करायचं, हे भोंगा सांगत नाही.

'पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं' हाही एक युक्तिवाद. त्यांना बटणं कळतात. बटणं तर मोठ्यांनाही कळतात. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले, २० तारखेला लोकल सुमारे दहा तास ठप्प झाली. तो संताप रास्तच होता. पण त्याच दिवसांत अफवांचंही पीक आलं आणि शहरातलं इंटरनेट बंद करण्याची वेळ आली. अशा प्रकरणात पीडित बालकाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे फॉरवर्ड करताना आपल्यापैकी किती जणांना आठवतं?

'इतक्या लहान वयात?' हा आक्षेप एकेकाळी चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवण्यावरही घेतला जात होता. आज बदलापुरात तो घ्यायची कुणाची छाती आहे?

डिजिटल नागरिकत्व शिकवायला कॉम्प्युटर लॅब लागत नाही. कानगोष्टी खेळा. पहिल्या बाकावर सांगा, 'बारवी धरण भरलंय, पण घाबरायचं कारण नाही.' शेवटच्या बाकापर्यंत 'घाबरायचं कारण नाही' बहुधा गळून पडेल, कदाचित धरणही फुटेल. मग उलट फिरत प्रत्येकाला विचारायचं : तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? कुणीच खोटं बोललेलं नसतं, तरी धरण फुटलेलं असतं. सातव्या वर्षी हे हसत हसत कळतं. चाळिशीत ग्रुप अॅडमिनला सांगून बघा!

दुसरा धडा फोटोचा. शेजारच्याचं चित्र काढायचं आणि भिंतीवर लावण्याआधी त्याला विचारायचं. तो नको म्हणाला तर लावायचं नाही; रुसायचंही नाही. इथे मात्र शाळांचीच पंचाईत होईल. स्नेहसंमेलनातल्या छोट्यांचे फोटो नाव-इयत्तेसकट फेसबुकवर टाकणाऱ्या शाळा थोड्या नाहीत. त्या आधी कुणाला विचारतात?

राहिला तासिकेचा प्रश्न. कानगोष्टींना दहा मिनिटं पुरतात, आणि परिपाठात बातम्या रोज वाचल्या जातातच. वाचणाऱ्या मुलाने बातमीआधी 'ही मी अमुक पेपरातून घेतली' एवढं म्हणावं. वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही. सुरुवात सोमवारीही करता येईल.