पाण्यावरचा अडथळा

संध्याकाळी रमणबागेच्या पटांगणावर धावणारी मुले दिसली म्हणजे शनिवार पेठेतील पालक कौतुकाने थांबतात. पण त्यांतलाच एखादा घरी येऊन 'मला धावण्यातच राहावयाचे आहे' म्हणाला, की चेहरे गंभीर होतात. या पालकांस दोष देऊन चालणार नाही. त्यांचा हिशेब बरोबर असतो, ही खरी लाजिरवाणी गोष्ट आहे.

अविनाश साबळे यांचेच उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि मग तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीकडे वळला. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या असतात. तेथील जाड लाकडी अडथळा धक्का लागून कलंडत नाही. पडावयाचे ते धावणाऱ्यानेच. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळे यांचे सुवर्णपदक सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ते मिळाले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते अकरावे आले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत ते पडले, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली.

साबळे सैनिक आहेत, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पगाराची विवंचना त्यांना नसावी. तोच गुडघा पेठेतल्या एखाद्या कारकुनाच्या मुलाचा असता तर?

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पदकविजेत्यांना बक्षिसेही मिळतात. साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या याच शर्यतीत दहाव्या आल्या आणि पुढे महसूल सेवेत गेल्या, हे उत्तमच झाले. परंतु हे सारे यशानंतरचे आहे. बर्फावरील फळीच्या शर्यतीत अमेरिकेची लिंडसे जॅकोबेलिस २००६ साली ट्युरिनला अखेरच्या टप्प्यात उगाच ऐट करण्याच्या नादात पडली आणि सुवर्ण गमावून बसली; तिला ते बीजिंगला २०२२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळाले. मधली सोळा वर्षे आपल्याकडील मुलीने कशावर काढावयाची?

तेव्हा बक्षिसांच्या रकमा वाढविण्याआधी शासनाने एवढे करावे : राज्य संघातून खेळणाऱ्या प्रत्येकाच्या दुखापतीचा खर्च उचलावा आणि बरे होईपर्यंत दरमहा निर्वाहवेतन द्यावे. पदकाची अट त्यास नसावी.