साक्षीच्या पिंजऱ्यात टिकेल असेच शिक्षण घ्या

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याची जागा अवघ्या २९६ मतांनी ठरली. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी त्या निकालाला औरंगाबाद खंडपीठात आव्हान दिले. विजयी झालेल्या अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रीकरण हा त्यांचा मोठा आधार होता. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या, पण अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलेले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. खोतकरांची निवड रद्द ठरवणारा खंडपीठाचा निकाल इतर पुराव्यांवर टिकला, आणि देशभरच्या न्यायालयांना एक पक्का नियम मिळाला.

सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा खटला आधी समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या विषयाची शेवटची परीक्षा साक्षीच्या पिंजऱ्यात होते. तिथे उलटतपासणी घेणारा वकील विचारतो, मोबाइल जप्त केला तेव्हा चालू होता की बंद? मुद्देमालाचे सील कोणी, कधी फोडले? तपासणी मूळ डिस्कवर केली की प्रतीवर? ती प्रत मुळाशी तंतोतंत जुळते हे कशावरून? या प्रश्नांना न डगमगता उत्तर देता येईल इतकी तयारी जो अभ्यासक्रम करून घेतो, तोच निवडा. बाकी सगळे निकष त्यानंतर.

अशी तयारी असलेल्या माणसांची गरज खरी आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ही व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. आतले एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. खासगी क्षेत्राचेही तसेच आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आणि बँकांना सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते, आणि संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये काढून नेले गेले, त्यातला मोठा भाग २८ देशांतली एटीएम वापरून. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. असा तपास तडीस न्यायला गुन्हा, बँक आणि संगणक या तिन्हींची जाण लागते.

म्हणून हा विषय फक्त संगणक अभियंत्यांचा आहे असे मानू नका. पोलीस ठाण्यात काम करणारा अंमलदार, पतसंस्थेचा लेखापरीक्षक, तालुक्याचा वकील, बी.एस्सी. करून घरी बसलेली मुलगी यांच्यापैकी कोणालाही हे शिकता येईल. नोकरी आणि घर सांभाळून शिकायचे तर ऑनलाइन हाच बहुतेकांचा मार्ग आहे. मात्र पैसे भरण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा. कौन्सेलर म्हणून फोन करणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका.

पहिली गोष्ट मान्यता. कोणते विद्यापीठ कोणत्या सत्रात कोणती पदवी ऑनलाइन देऊ शकते, याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचे नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. तुमचा नेमका अभ्यासक्रम आणि तुमचे सत्र त्यात आहे का ते पाहा. अशी मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे यूजीसीने २०२२ मध्ये जाहीर केले आहे. विद्यापीठांना अभियांत्रिकी आणि विधी शाखेच्या पदव्या ऑनलाइन देण्याची मुभा नाही, हेही ध्यानात असू द्या. आयआयटी स्वतंत्र कायद्याखाली चालतात. आयआयटी कानपूरचा सायबर सुरक्षेचा ई-मास्टर्स त्यामुळेच वेगळ्या वर्गात मोडतो. घरबसल्या परदेशी विद्यापीठाची पदवी घेणार असाल आणि पुढे इथे सरकारी नोकरीची इच्छा असेल, तर ती पदवी इथे समकक्ष धरली जाईल का, याचे लेखी उत्तर आधी मिळवा.

दुसरी गोष्ट हातकाम. डिस्कच्या प्रतीचे विश्लेषण, लॉग वाचणे, मेमरीतून चालू प्रोग्रॅम शोधणे, नेटवर्कवरची वाहतूक तपासणे ही कामे घरच्या संगणकावर चांगली शिकता येतात. जप्त केलेला फोन सिग्नल अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत ठेवणे, मूळ डिस्कवर एकही अक्षर लिहिले जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावणे, सील आणि नोंदवहीचा क्रम सांभाळणे ही कामे मात्र प्रत्यक्ष करूनच अंगवळणी पडतात. म्हणून विद्यापीठाला विचारा की वर्षातून किती दिवस प्रयोगशाळेत बोलावणार, प्रत्येकाच्या हातात उपकरण येणार की एक जण करणार आणि बाकीचे बघणार. घर सोडणे शक्य असेल आणि प्रयोगशाळेतच नोकरी करायची असेल, तर समोरासमोरचे शिक्षण घ्या, असे मी स्पष्ट सांगेन. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय गांधीनगरला आहे आणि एक परिसर गोव्यात फोंड्याला आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

तिसरी गोष्ट कायदा. अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान कायदा, साक्ष अधिनियम आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांना पूर्ण विषयाचे स्थान आहे का? अहवाल लिहायला लावतात का? लुटुपुटूच्या कोर्टात उभे करून उलटतपासणी घेतात का? जिथे फक्त सॉफ्टवेअरची बटणे दाखवतात, तिथे तुमची दोन वर्षे घालवू नका. सॉफ्टवेअर बदलत राहते; पुरावा न बिघडवण्याची शिस्त आयुष्यभर पुरते.

आता वेळेचा हिशेब. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी साधारण ८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे २,४०० तास, आठवड्याला सुमारे २३. घरातल्यांशी बसून हे तास आधी ठरवा. तेवढे निघत नसतील तर एका वर्षाची पदव्युत्तर पदविका घ्या, त्यात कमीपणा नाही. ‘वीकेंडला दोन तास पुरे’ किंवा ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असे कोणी म्हणाले, तर तिथे पैसे भरू नका.

एक सूचना तरुणांसाठी, आणि ती मनावर घ्या. शिकलेले तंत्र शेजाऱ्याच्या वायफायवर, कॉलेजच्या सर्व्हरवर, मैत्रिणीच्या फोनवर आजमावू नका. परवानगीशिवाय, वाईट हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. ज्याच्या नावावर असा गुन्हा आहे, त्याच्या हाती कोणी पुरावा सोपवणार नाही. सरावासाठी तयार केलेल्या डिस्क-प्रती अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने मोफत खुल्या ठेवल्या आहेत, त्या वापरा.

प्रवेश घेण्याआधी महिनाभर स्वतःला अजमावून पाहा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्‌’ या संकेतस्थळावर या विषयाची व्याख्याने मोफत ऐकता येतात. ‘ऑटोप्सी’ हे तपासाचे सॉफ्टवेअर मोफत उतरवून घ्या, निस्टची एक प्रत त्यात उघडा, आणि पुसलेल्या फाइली शोधून दोन पानांचा अहवाल लिहा. कोणती पायरी कधी आणि का केली, हे त्यात तारीख-वेळेसह यायला हवे. हे कंटाळवाणे काम गोडीने होत असेल, तर खुशाल पुढे जा. होत नसेल, तर लाखभर रुपये वाचले असे समजा.

तो अहवाल मराठीत लिहा, ही माझी शेवटची आणि आग्रहाची विनंती. पदवीचा अभ्यास इंग्रजीत होईल आणि इंग्रजी यायलाच हवे. पण महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयात पंचनामा मराठीत असतो, जबाब मराठीत असतो, आणि फसवले गेलेले निवृत्त शिक्षक आपली तक्रार मराठीत सांगतात. त्यांचा कोणता मेसेज जपायचा, फोन रीसेट का करायचा नाही, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने का कळवायचे, हे त्यांना समजेल असे सांगणारी माणसे आपल्याला जिल्ह्याजिल्ह्यात हवी आहेत. हॅश म्हणजे काय हे न्यायाधीशांना सोप्या मराठीत पटवून देणारा तज्ज्ञ ज्या तालुक्यात असेल, तिथला पुरावा टिकेल आणि तिथल्या माणसाला न्याय मिळण्याची शक्यता वाढेल. तुम्ही तसे तज्ज्ञ व्हा.