देवळालीच्या ६१७४ पासून वायूच्या एन्ट्रॉपीपर्यंत

१/ नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवीत होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाने त्यांची दखल घेतली, ती मुख्यतः गमतीचे कोडे म्हणून. आपणही त्यांचा ६१७४ 'चमत्कार' म्हणूनच मिरवतो. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. चमत्कारापाशी विचार थांबतो. मोजणी मात्र पुढे नेते.

२/ ३५२४ घ्या. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. तीच रीत पुन्हा केली की ८३५२, मग ६१७४. आरंभी ४२५३ घेतले तरी पहिली वजाबाकी तीच! चार वेगळ्या अंकांच्या २४ मांडण्या या रीतीला एकसारख्याच. ६६६४ च्या मांडण्या मात्र चारच, कारण सहांची आपसांत अदलाबदल केल्याने नवी संख्या होत नाही.

३/ कापरेकरांचे क्षेत्र संख्यांचे, वायूंचे नव्हे. परंतु बाहेरून एकच दिसणारी स्थिती आतून किती प्रकारे मांडता येते, हाच प्रश्न ऑस्ट्रियाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये वायूला विचारला. सांख्यिकीय यामिकीचा हा गाभा. दोन पेट्या एकत्र विचारात घेतल्या की मांडण्यांचा गुणाकार होतो, एन्ट्रॉपीची बेरीज. गुणाकाराची बेरीज करणारे लॉगरिदम म्हणूनच सूत्रात येते.

४/ तापमान तेच ठेवून विरळ वायूला दुप्पट जागा द्या. प्रत्येक रेणूच्या जागेचे पर्याय दुप्पट होतात. म्हणून एन्ट्रॉपीतील वाढ = रेणूंची संख्या × बोल्ट्झमन स्थिरांक × ०.६९३ (दोनचा नैसर्गिक लॉग).

५/ येथे एक पेच आहे. एकाच वायूच्या, समान दाबाच्या दोन पेट्यांमधला पडदा काढला, तर काहीच बदलत नाही. तरी हा हिशेब वाढ दाखवतो. गिब्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पेच सुटतो तो ६६६४ च्या न्यायाने: समान रेणूंची अदलाबदल ही नवी मांडणी नव्हे.

६/ १९१२ मध्ये ओटो सॅकुर आणि ह्यूगो टेट्रोड यांनी स्वतंत्रपणे त्यात प्लांकचा स्थिरांक आणला आणि एकाणू वायूची संपूर्ण एन्ट्रॉपी मांडली. पाऱ्याच्या वाफेवर ती पडताळता आली. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणही नव्या रीतीने मोजले.

७/ म्हणून मित्रहो, वर्गात ६१७४ दाखवताना केवळ शेवटच्या आकड्याला टाळ्या नकोत. वाटेत किती मांडण्या एक झाल्या, हे मुलांना मोजू द्यावे. देवळालीच्या या शिक्षकाचा खरा सन्मान त्यातच आहे.