रुंद टायर की पाणी कापणारा टायर?

ऋतू बदलला की आपण पायांतले बदलतो. पावसाळ्यात चामडी चपला माळ्यावर जातात आणि रबरी चपला खाली येतात. जर्मनीत मोटारींचेही असेच आहे. तेथील पुष्कळ मोटारमालक टायरचे दोन संच बाळगतात, एक हिवाळी आणि एक उन्हाळी. केव्हा कोणता बसवायचा हे लक्षात ठेवण्यासाठी त्यांनी एक सोपी खूण केली आहे : ‘ओ’ पासून ‘ओ’ पर्यंत हिवाळी टायर. पहिला ‘ओ’ ऑक्टोबरचा आणि दुसरा ‘ओस्टर्न’चा, म्हणजे ईस्टरच्या सणाचा. ईस्टर झाला की उन्हाळी टायर चढतात.

हा नुसता रिवाज नाही, त्यामागे रबराचा गुणधर्म आहे. रबर थंड होत गेले की कडक होते, आणि एका ठरावीक तापमानाखाली तर ते काचेसारखे ठिसूळ बनते. हे तापमान किती असावे, ते रबराच्या मिश्रणावरून ठरते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे बनवतात. उलट उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर लिबलिबीत होणार नाही असे असते. हवेचे तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हिवाळी टायर चढवावा, असे तिकडे म्हणतात. हा आकडा ढोबळ आहे. पाणी शून्य अंशाला गोठते तसा हा काही निसर्गनियम नव्हे.

‘उन्हाळी’ या नावाने मात्र फसू नका. हा टायर केवळ उन्हासाठी नसतो. जर्मनीत एप्रिल ते सप्टेंबर या काळात पाऊसही भरपूर पडतो, आणि त्या पावसातून याच टायरवर जायचे असते. आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, म्हणून टायरचे असे दोन संच कोणी ठेवत नाही. पण आपल्याकडे बाराही महिने धावतात ते टायर गुणाने या उन्हाळी जातीचेच म्हणावे लागतील. तेव्हा पुढची चर्चा परक्या मुलखातली असली तरी ती तुमच्या उपयोगाची आहे.

आता एक उदाहरण घेऊ. माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी मोटार १९८९ साली बाजारात आली. तिची चौथी पिढी २०१५ पासून विकली जाते. हिचे वजन सुमारे १००० किलोग्रॅम, म्हणजे आजच्या मोटारींच्या मानाने फारच कमी. वळणावळणाच्या रस्त्यावर चपळाईने जाणे हा तिचा मुख्य गुण. अशी गाडी घेणाऱ्याला वाटते की टायरही तसाच ऐटबाज हवा : रुंद, बुटका आणि मऊ. शर्यतीच्या गाड्यांचे टायर पाहून डोळ्यांना तशी सवयच लागलेली असते.

मला हे पटत नाही. सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या छोट्या, हलक्या गाडीसाठी उन्हाळी टायर निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा : ओल्या रस्त्यावर हा टायर किती अंतरात गाडी थांबवतो? रुंदी, रूप, आवाज, किंमत हे सारे नंतर. असे का म्हणतो, ते थोडे गणित करून पाहू.

१००० किलोग्रॅमची गाडी चार चाकांवर उभी आहे. वजन सारखे वाटले गेले तर प्रत्येक चाकावर २५० किलोग्रॅम आले. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम धरा. मग हे वजन तोलायला किती क्षेत्रफळ लागेल? २५० भागिले २, म्हणजे १२५ चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढेच की हो हे! चारही चाकांचे मिळून ५०० चौरस सेंटिमीटर झाले. तुम्ही प्रकल्पासाठी वापरता तो ए-४ आकाराचा कागद याहून मोठा असतो. वेग वाढवणे, वळणे आणि थांबणे ही गाडीची सगळी कामे एवढ्याशा जागेवर चालतात.

या हिशेबात टायरची रुंदी कोठे आली का? नाही आली. दाब तोच ठेवून रुंद टायर बसवला तर रस्त्याला टेकणारी जागा फारशी वाढत नाही, फक्त तिचा आकार बदलतो. रस्त्याला टेकणारा पट्टा १६ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची लांबी साधारण ८ सेंटिमीटर भरेल. रुंदी २० सेंटिमीटर केली की लांबी सहा-साडेसहावर येईल. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, म्हणून हे आकडे अगदी काटेकोर नाहीत. पण दिशा बरोबर आहे.

रुंद टायरच्या बाजूनेही बोलले पाहिजे. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ याने १६९९ साली मांडलेला नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. रबर हा नियम पुरता पाळत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती दबते, त्यांना चिकटते आणि पुन्हा सुटते. या दबण्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते आणि त्यातूनच पकड मिळते. रुंद आणि आखूड पट्टा वळणावर कमी मुरडतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर रुंद टायर थोडा सरस ठरतो, हे खरे आहे. शर्यतीत तो वापरतात ते उगीच नव्हे. पण शर्यतीत पाऊस आला की टायर बदलायला माणसे उभीच असतात. तुमच्या आमच्या रस्त्यावर ती कोठून येणार?

पावसात चित्र पालटते. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, चालली आहे असे समजा. १६ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याला दर सेकंदाला १० लिटरहून अधिक पाणी बाजूला सारावे लागते. एका टायरने दर सेकंदाला एक लहान बादली भरून पाणी उपसावे, तसे हे आहे! २० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याला तेवढ्याच वेळात १३ लिटरहून अधिक पाणी सारावे लागेल. शिवाय पट्टा आखूड असल्यामुळे त्यासाठी वेळही कमी मिळतो. होडीचे नाक निमुळते का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे चटकन समजेल.

हे पाणी वेळेवर हटले नाही तर ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि टायरला रस्त्यावरून उचलते. मग सुकाणू फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील संशोधकांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. असे तरंगणे कोणत्या वेगाला सुरू होते, ते टायरमधील दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. त्यांच्या सूत्रात आपल्या उदाहरणातील दाब घातला तर वेग येतो ताशी सुमारे ९० किलोमीटर. मोटारीच्या बाबतीत पाण्याची खोली, टायरवरची नक्षी आणि तिची झीज यांप्रमाणे हा वेग कमीजास्त होतो. गोटा झालेला टायर याहून कितीतरी कमी वेगाला तरंगू लागतो. कमी दाबाने चालणाऱ्या हलक्या गाडीने अधिक सावध असले पाहिजे, ते यासाठी.

आता थांबण्याचा हिशेब करू. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ८० किलोमीटर वेग घ्या. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक ०.८ आणि दुसऱ्याचा ०.६ आहे असे माना. पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ३१ मीटरवर थांबेल, तर दुसरी सुमारे ४२ मीटरवर. फरक जेमतेम साडेदहा मीटरचा; कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? पण जेथे पहिली गाडी उभी राहिली, त्याच जागी दुसरीचा वेग किती असेल ते काढा. उत्तर येते ताशी ४० किलोमीटर! त्या जागी रस्ता ओलांडणारे एखादे मूल असेल तर या साडेदहा मीटरचे मोल काय होईल, ते सांगायला नको. टायरच्या देखणेपणापेक्षा मी ओल्यातली पकड वर धरतो, ती या एका आकड्यामुळे.

मग दुकानात गेल्यावर पाहावे काय? प्रथम टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचा. एमएक्स-५ च्या एका नमुन्याला ‘१९५/५० आर १६ ८४ व्ही’ असा टायर लागतो. याचा अर्थ असा : रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, बांधणी रेडियल पद्धतीची, चाकाचा व्यास १६ इंच. ८४ हा भाराचा संकेतांक असून तो प्रत्येक टायरला ५०० किलोग्रॅमपर्यंतचा भार सांगतो. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत वेग चालेल. गाडी बनवणाऱ्याने दिलेले हे माप सोडून अधिक रुंद टायरच्या मागे लागू नये. त्या मापावरच गाडीचे झोके, सुकाणू आणि ब्रेक बेतलेले असतात.

नंतर लेबल पाहावे. युरोपीय संघाने २०१२ पासून टायरला लेबल सक्तीचे केले आणि मे २०२१ पासून त्याचे सुधारित रूप लागू झाले. त्यावर इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोहोंना ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी असतात. बाहेरच्या आवाजाचा आकडाही असतो. माझ्या मते पकडीच्या रकान्यात ‘ए’ नसेल तर तो टायर अशा गाडीसाठी बाजूलाच ठेवावा. मात्र एका लेबलावर सगळे मावत नाही. साचलेल्या पाण्यावर टायर केव्हा तरंगू लागतो आणि वळणावर कसा वागतो, हे २०२१ चे लेबल सांगत नाही. त्यासाठी जर्मनीतील ‘आडाक’ या मोटारचालकांच्या संघटनेसारख्या संस्था टायर विकत घेऊन चाचण्या करतात आणि निकाल छापतात. जाहिरात वाचण्यापेक्षा असे निकाल वाचणे केव्हाही बरे.

काही जण म्हणतील, पकड वाढवायची तर इंधन जास्त जाणार आणि टायर लवकर झिजणार. पूर्वी हे बरेचसे खरे होते. रबरात काजळी मिसळण्याची पद्धत जुनी आहे. १९९० नंतर मोटारीच्या टायरमध्ये काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका मिसळू लागले. तिच्यामुळे चाक फिरताना होणाऱ्या सावकाश दबण्यात ऊर्जा कमी वाया जाते, पण घसरतानाच्या अतिजलद कंपनांत पकड टिकून राहते. तरीही ओढाताण पुरती मिटलेली नाही. अशा वेळी मी थोडे जास्त इंधन पत्करीन, लांबलेले थांबणे पत्करणार नाही. शर्यतीच्या टायरची नक्कल असलेले, अगदी थोड्या खाचांचे टायर तर रोजच्या गाडीला मुळीच नकोत.

आणि चांगला टायर घेतला म्हणून काम संपत नाही. युरोपात खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. पण उन्हाळी टायर ३ मिलिमीटरला बदलावा, असा ‘आडाक’चा सल्ला आहे. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची असते. ते नाणे खाचेत उभे धरले की मोजमाप झाले!

आता हे सारे माझ्या शब्दावर मानू नका. सायकलच्या चाकाला खडूची पूड लावा, ते काळ्या कागदावर टेकवा आणि कोणाला तरी सायकलवर बसवा. उमटलेला ठसा चौकटीच्या कागदावर मोजा. हवा कमी करून पुन्हा मोजा. एक खोडरबर बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. मग ते आणि साधे खोडरबर एकाच फळीवर ठेवून फळी हळूहळू तिरकी करा. कोणते आधी घसरते ते पाहा आणि फळी पाण्याने ओली करून पुन्हा पाहा. वहीत आकडे लिहून ठेवा.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी खेळकर छोटी मोटार नसेल, स्कूटर किंवा सायकल असेल. पण कोकणातल्या घाटात आषाढात उतरणाऱ्या स्कूटरचा आणि जर्मनीतल्या रस्त्यावर भिजणाऱ्या एमएक्स-५ चा प्रश्न एकच आहे. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर होतो, तेव्हा तर तो अधिकच बिकट होतो. म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरच्या गाडीच्या टायरमधील खाचा तुम्ही स्वतः तपासा. त्या बुजत आल्या असतील तर वडिलांना किंवा आईला तसे स्पष्ट सांगा. नवा टायर घेताना दुकानदाराने रूप दाखवले की तुम्ही त्याला पाण्यातल्या पकडीविषयी विचारा.