‘अ‍ॅना’ सफरचंद आणि दख्खनचा बागाईतदार

नगर, नाशिक, सोलापूर या जिल्ह्यांतील कांहीं बागाईतदारांनीं अलीकडे सफरचंदाची लागवड केली आहे. त्यांचें फळ पाहून इतरांस मोह होणें साहजिक आहे. “सफरचंद आतां कोठेंही येतें” असें सांगून कलमें विकणारेही निघाले आहेत. या सांगण्यांत अर्धें सत्य आहे. उरलेलें अर्धें वाचकांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

सफरचंदाचें झाड हिवाळ्यांत विश्रांति घेतें. सुमारें ७ अंशांखालील थंडीचे पुरेसे तास मिळाल्यावांचून त्याचे डोळे सारखे फुटत नाहींत. काश्मीर-हिमाचलांतील डेलिशस जातींस असे १००० च्या आसपास तास लागतात. इस्राएलमध्यें तयार झालेल्या ‘अ‍ॅना’ या जातीस अदमासें २०० ते ३०० तास पुरतात. तिचें महत्त्व हेंच.

परंतु थोडी थंडी लागणें व मुळींच न लागणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पठारावर कांहीं रात्रीं पारा बराच उतरतो, पण उजाडल्यावर ऊन लगेच तापतें. इतके तास दरसाल भरतीलच असें नाहीं. ही उणीव मेहनतीनें भरून काढावी लागते. जावा बेटांत मलंगच्या बाजूस थंडीचा हिवाळाच नाहीं; तेथें फळ उतरल्यावर झाडाचीं पानें हातानें काढून त्यास पुन्हां बहारास आणतात. डाळिंबास ताण देणाऱ्या व द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी करणाऱ्या आमच्या वाचकांस ही युक्ति परकी वाटूं नये.

‘अ‍ॅना’चें फळ लांबट, पिवळट अंगावर तांबूस छटा असलेलें, कुरकुरीत व आंबटगोड असतें. झाड लवकर फळतें. दोष दोन आहेत. एक, हें झाड एकटें लावल्यास फळ नीट धरत नाहीं. त्याच वेळीं फुलणारी ‘डॉर्सेट गोल्डन’ही बागेंत हवी, व मधमाशाही हव्यात. दुसरा, फळ फार दिवस टिकत नाहीं. लवकरच पिठाळ होतें. म्हणून साठवणुकीच्या भरंवशावर न राहतां, डोंगरी सफरचंदाची मुख्य आवक सुरू होण्यापूर्वीं तें जवळच्या बाजारांत विकलें पाहिजे.

आमचें मत असें कीं, चालती द्राक्षबाग किंवा डाळिंबबाग मोडून, अथवा कर्ज काढून, एकदम एकरभर लागवड कोणीं करूं नये. निचऱ्याच्या जमिनींत प्रथम वीसपंचवीस कलमें लावावीं. पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनींत मुळें कुजतात. कलम कोणत्या जातीचें व कोणत्या खुंटावर बांधलें आहे, हें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें. पहिल्या दोनतीन बहारांचा खर्च, वजन व मिळालेला भाव वहींत टिपावा. असा हिशेब कोणीं आमच्याकडे पाठविल्यास, तो नफ्याचा असो वा तोट्याचा, आम्ही आनंदानें छापूं.