मुलांनी कचरा वेचला, त्यात बिघडलं काय?



बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना रस्त्यावरचा कचरा वेचायला नेलं म्हणून गेल्या आठवड्यात वर्ध्यात केवढा गहजब झाला! ‘आमची मुलं काय सफाई कामगार आहेत?’ हा पालकांचा सवाल वाचून माझं डोकं तापलं. सफाई कामगार ही शिवी कधीपासून झाली? पहाटे बजाज चौक झाडणाऱ्या बाईलाही लेकरं आहेत.

आणि हा सवाल विचारला जातो तो कुठे? १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला मैला उचलायला जात, त्या जिल्ह्यात. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत सफाई हा रोजच्या अभ्यासाचाच भाग होता. पाहुणे आले की आपण त्यांना बापूकुटी दाखवायला नेतो आणि पोराच्या हाताला धूळ लागली की शाळेवर धावून जातो.

मी निवृत्त शिक्षिका आहे. पहिलीच्या पोरांना घेऊन हे काम मी केलं आहे. काच, सुई, थुंकीने भरलेलं काहीही मोठ्यांनीच उचलायचं, मुलांनी कागद आणि कोरडं प्लास्टिक, मग सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, बाईंसकट. विशिष्ट घरांतल्या मुलांनाच कुणी झाडू देत असेल, तर पालकांच्या आधी मी तक्रार करीन.

लहान मुलाची नजर जमिनीजवळ असते. शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, दुधाच्या पिशवीचा कापलेला तुकडा त्याला बरोबर सापडतो. पण सगळ्यांत जास्त सापडते ती खर्ऱ्याची पन्नी. चुरगळलेली, आत सुपारीचा चुरा चिकटलेला, तंबाखूचा उग्र वास. ती मुलांनी फेकलेली नसते. ती फेकतात बाप, काका, मामा, गाडी चालवता चालवता. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली, मग पानठेल्यावर रोज ही पन्नी येते कुठून? शाळेला जाब विचारणाऱ्यांपैकी एकानेही हे विचारलं नाही. झुडपांत दारूच्या बाटल्याही सापडतात. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात! त्याचं उत्तर पहिलीतल्या मुलाला बाईंनी काय द्यायचं?

शाळेची चूक मला एकच दिसते. मुलांनी भरलेली पोती दोन दिवस कुंपणाशी पडून राहिली आणि शेवटी तिथेच कुणीतरी पेटवून दिली. पोरांनी तो धूर पाहिला. पुढच्या वेळी आधी घंटागाडीची वेळ ठरवा, मगच मुलांना बाहेर काढा. आणि पालकांनी त्या दिवशी सोबत यावं, सुरुवात शाळेसमोरच्या पानठेल्यापासून करावी.

— एक निवृत्त शिक्षिका, वर्धा