आजाराला गुनाह म्हणू नका

"खऱ्या मोमिनाला डिप्रेशन होतच नाही."

हे वाक्य मी गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या एका जलशात ऐकले. बोलणारे पाहुणे शिकलेले होते, आवाजात गोडवा होता, समोरच्या दोन-अडीचशे लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या रांगेत एक बाप बसला होता. त्याने मान डोलावली नाही. त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने दीड महिन्यापूर्वी आपला जीव दिला होता.

त्या पोराला मी लहानपणापासून ओळखत होतो. दहावीपर्यंत वर्गात पहिला-दुसरा यायचा. मग हळूहळू त्याने गल्लीत यायचे सोडले, दोस्तांशी बोलायचे सोडले, जेवण तुटले, रात्र रात्र जागू लागला. घरचे गप्प बसले नव्हते. आधी नजर उतरवली, मग तावीज घातला, मग कोणीतरी सांगितले म्हणून चाळीस दिवस पाणी पढून पाजले. 'नमाज पढ, सगळं ठीक होईल' असे त्याला प्रत्येक जण सांगत होता. मीही सांगितले होते. डॉक्टरकडे न्यावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ताप-खोकला डॉक्टरचा आणि मन मौलवीसाहेबांचे, अशी आमची जुनी वाटणी. मय्यत उचलण्याआधी दारासमोर दोन टोळकी उभी होती आणि याची जनाजाची नमाज जायज आहे की नाही यावर हुज्जत चालली होती. बाप चार हातांवर उभा राहून ती ऐकत होता.

मी आलिम नाही. शाळेत आयुष्य घालवलेला साधा मास्तर आहे. पण त्या पाहुण्यांना त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते आणि भिडेपोटी दिले नाही, ते आज लिहून देतो.

आधी जनाजाचेच पाहू. जीव देणे हे मोठे पाप आहे, याबद्दल वाद नाही. तरीही बहुसंख्य फकीहांच्या मते अशा माणसाची नमाज पढली जाते. शिवाय झोपलेला, अजाण मूल आणि अक्कल हरपलेला, या तिघांवरून हिशेबाचा कलम उचलला आहे, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. मग त्या पोराची अक्कल त्या रात्री कोणत्या अंधारात होती, याचा निवाडा करण्याचा अधिकार टोळक्याला कोणी दिला?

आता 'खऱ्या मोमिना'कडे वळू. याकूब (अ.स.) यांचा लाडका यूसुफ हरवला. सूरह यूसुफ सांगते की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरची माणसे त्यांना म्हणाली, अजून किती दिवस यूसुफचीच आठवण काढत बसणार? म्हणजे आपण आज आपल्या आजाऱ्याला जे ऐकवतो, तेच. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या नुबुव्वतच्या दहाव्या वर्षी हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब एकापाठोपाठ गेले. त्या वर्षाला इस्लामी इतिहासात 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, असेच नाव पडले. हजरत आयेशा (र.) मयतीच्या घरी जवाची पेज करायला सांगत, कारण तिने दुःखी मनाला आराम पडतो असे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. या घरात दुःखाला दटावत नव्हते, पेज करून देत होते. यातल्या कोणाचे ईमान कमी होते, ते पाहुण्यांनी सांगावे.

कोणी म्हणेल, दुःख वेगळे आणि आजार वेगळा. बरोबर आहे. पण हा फरकसुद्धा आपल्याच एका माणसाने अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. अबू जैद अल-बल्खी हे त्यांचे नाव. बल्खजवळ जन्मले, इ.स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला, 'मसालिहुल अब्दान वल-अन्फुस'. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, आणि एकाचा त्रास दुसऱ्याला पोचतो, हे त्यांचे मुख्य म्हणणे. मनाच्या दुखण्यांत त्यांनी राग, भीती, दुःख आणि वसवसा म्हणजे पाठ न सोडणारे विचार, असे चार प्रकार केले. दुःखाचेही दोन भाग पाडले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते. दुसऱ्याचे कारण सापडतच नाही, आणि त्याचे मूळ शरीरात, रक्तात असते असे ते मानत. रक्ताचा सिद्धांत आज कोणी मानणार नाही. पण ज्याचे कारण बाहेर दिसत नाही अशा उदासीला त्यांनी गुनाह म्हटले नाही, दुखणे म्हटले, हे महत्त्वाचे. घरात जशी औषधे ठेवतो, तसे निरोगी विचार आधीच मनात साठवून ठेवावेत, म्हणजे घाव बसेल तेव्हा हाताशी येतात, असाही त्यांचा सल्ला आहे.

इमाम गजालींचे नाव घेतल्याशिवाय आमचा एक जलसा पार पडत नाही. हेच इमाम इ.स. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची जीभ बंद पडली. शिष्य समोर बसलेले आणि तोंडातून शब्द फुटेना. घास उतरेना. हकीमांनी तपासून सांगितले की हा आजार मनातून शरीरात उतरला आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. हे सारे गजालींनी 'अल-मुनकिज' या आपल्या पुस्तकात स्वतः लिहिले आहे. हुज्जतुल इस्लाम म्हणवला जाणारा माणूस आपले दुखणे लपवत नाही. आम्ही मात्र मुलीला झोपेची गोळी सुरू झाली तर चिठ्ठी फाडून टाकतो, स्थळवाल्यांना कळेल म्हणून.

दिमिश्क, काहिरा, हलब इथल्या जुन्या बीमारिस्तानांत मनोरुग्णांवर इतर रोग्यांसारखेच उपचार होत. तुर्कस्तानात एदिर्ने इथे सुलतान दुसरा बायजीद याने १४८८ मध्ये बांधलेल्या रुग्णालयात त्यांना संगीत ऐकवीत. आता हे वाचून छाती फुगवणाऱ्यांना मी लगेच थांबवतो. आमची एक वाईट खोड आहे. परिसंवादात बीमारिस्तान सांगायचे आणि घरी येऊन पुतण्याला साखळी घालायची.

साखळी हा शब्द मी उगाच वापरत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत आग लागली. तिथल्या दर्ग्याच्या आसपास खासगी 'मनोरुग्ण आश्रम' उभे राहिले होते. दर्ग्यात दुआ होईपर्यंत रोगी तिथे ठेवायचा, आणि पळू नये म्हणून बांधायचा. गवताच्या छपराखाली साखळीने बांधलेली माणसे आगीतून पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जण मेले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. दर्ग्याने आग लावली नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. पण त्यांना तिथे सोडून येणारी माणसे घरचीच होती. चौकशी झाली, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, आश्रम बंद झाले. पण ज्या समजुतीने ती साखळी बांधली, ती समजूत आमच्या मोहल्ल्यात अजून शाबूत आहे.

माझी फुफी दुसऱ्या बाळंतपणानंतर गप्प झाली. बाळाला जवळ घेईना. आज कोणतीही नर्स सांगेल की बाळंतपणानंतर असे होते, आणि त्यावर इलाज आहे. तेव्हा अमीलाने सांगितले, जिन्न आहे. मग मिरचीची धुरी झाली, केस धरून मार झाला, तळहातावर कापूर जाळला. तो डाग तिने मरेपर्यंत पदराखाली झाकला. बारा वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरच्या गोळ्यांनी ती बोलू लागली, हसू लागली. तोवर नवऱ्याने दुसरे घर केले होते आणि तिची मुले तिला ओळखत नव्हती. त्या बारा वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा?

जिन्न आहेत की नाहीत, हा वाद मी घालत नाही. कुरआनात त्यांचा उल्लेख आहे, ईमान ठेवणाऱ्याशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न अमीलाला आहे. हा जिन्न नेहमी सुनेच्याच अंगात का येतो? सासूच्या क्वचित, आणि सावकाराच्या, कंत्राटदाराच्या, नगरसेवकाच्या अंगात कधीच कसा येत नाही? ज्या बाईला ओरडायची मुभा नाही, तिचे ओरडणे जिन्नाच्या नावावर जमा होते. अमीलाची फी भरून घर मोकळे होते, आणि तिला काय होतेय हे विचारायची कोणावर पाळी येत नाही.

'म्हणजे तुम्ही दुआ बंद करायला सांगता?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अजिबात नाही. अल्लाहने इलाज नसलेला आजार उतरवला नाही, असे हदीस सांगते. उंट आधी बांध, मग तवक्कल कर, हेही हदीसच सांगते. दवा हे उंट बांधणेच आहे. गुजरातेत उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यात २००८ च्या सुमारास 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. आवारातच मानसोपचाराची सोय केली, आणि आलेल्या माणसाला दुआ दिल्यावर डॉक्टरकडे पाठवायला मुजावरांना शिकवले. तिथे दर्ग्याचे काही बिघडले नाही. मग आमच्या मोहल्ल्यात काय अडते?

आता उपचार म्हणजे काय, तेही पाहू, कारण आमच्याकडे त्याचा अर्थ शॉक आणि वेड्यांचे इस्पितळ एवढाच आहे. काही आजारांत गोळी लागतेच, मधुमेहात लागते तशी. पण बोलूनही इलाज होतो. अमेरिकेत अ‍ॅल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी १९५० ते ७० या काळात अशा पद्धती उभ्या केल्या. त्यांचे सूत्र असे, की घटनेइतकाच घटनेविषयीचा आपला विचार आपल्याला छळतो, आणि तो विचार तपासून बदलता येतो. 'मी नापास झालो' ही घटना. 'मी जगायला नालायक आहे' हा विचार. पहिले खरे आहे, दुसरे पुराव्याविना आहे. मराठीत कि. मो. फडके यांनी एलिसची पद्धत किती सोपी करून सांगितली आहे, ते जिज्ञासूंनी वाचावे. हे 'गोऱ्यांचे खूळ' आहे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. एलिस आपले ऋण ग्रीक स्टोइक विचारवंतांना देत. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदींनी दुःख दूर करण्याच्या उपायांवर एक रिसाला लिहिला, तोही ग्रीकांचा विचार पचवूनच. दोघांनी एकाच विहिरीचे पाणी काढले. ते हलाल की हराम हे अल-किंदींनी विचारले नाही, आपण का विचारावे?

दुसरे उदाहरण वुजूचे. वुजू झाला की नाही या शंकेने तासभर नळाखाली बसणाऱ्या, नमाज पुन्हा पुन्हा तोडून बांधणाऱ्या बायका-पुरुष प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. लोक त्यांना फार परहेजगार समजतात. तो ओसीडी नावाचा आजार असू शकतो. त्याच्या उपचारात शंका येऊ द्यायची, पण तिच्या हुकमाने पुन्हा हात धुवायचे नाहीत, अशी पायरीपायरीने सवय लावतात. फिकहचा जुना नियम काय सांगतो? शंकेने खात्री मोडत नाही. इथे इमामसाहेब आणि डॉक्टर एका आवाजात बोलू शकतात, फक्त त्यांनी एकमेकांना ओळखायला हवे.

डॉक्टरमंडळींचेही दोन शब्द ऐकवायचे राहिले. पाच मिनिटांत चिठ्ठी, बुरखा पाहून 'तुमच्यात असंच असतं' हा शेरा, आणि एका बैठकीला मजुराचा दोन दिवसांचा रोज. मग तो माणूस अमीलाकडे परत गेला तर दोष त्याचा एकट्याचा नाही. अमील निदान त्याचे ऐकून तरी घेतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यांतले बहुतेक उपचाराविना होते. देशात लाख माणसांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नव्हता. ही लाज सरकारची आहे.

तरी कायदा आता आमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी पुण्यात मारले गेले. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली हा क्रमांक लिहायला किती खडू लागतो?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. खुत्ब्यात वर्षातून दोनदा तरी मनाच्या आजारावर बोला, आणि बोलण्याआधी एका डॉक्टरला विचारा. मदरशांच्या अभ्यासात अल-बल्खी आणा. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला बंद करा, कारण त्यात दुसऱ्याच्या लेकीचा बळी जातो. आणि ज्या घरात असे मरण झाले, तिथे फतवा घेऊन जाऊ नका, पेज घेऊन जा.

शेवटी एक कबुली. त्या पोराच्या मौतीनंतर माझी झोप गेली, छाती धडधडू लागली, नमाजीत रकअती चुकू लागल्या. मी डॉक्टरकडे गेलो. आज रात्री इशा पढून मी एक गोळी घेईन, उद्या फज्रला उठेन. माझे ईमान मोजायचे असेल त्यांनी खुशाल मोजावे. त्या बापाला मात्र पुन्हा कोणी ते वाक्य ऐकवू नये. त्याच्या घरात अजून एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. हल्ली तीही फार बोलत नाही.

गेल्या जुम्याला मी त्यांच्या घरी गेलो होतो. चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिला आणि म्हणालो, डॉक्टरकडे मी सोबत येतो. बापाने चिठ्ठी टोपीत ठेवली. सोमवारी जायचे ठरले आहे.